आज किती पानं?

आईची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. आधार कार्डावर १ जानेवारी १९४४ आहे, ती आम्हीच अंदाजानं सांगितलेली. पण ती कुठल्या साली किती माणसांना जेवू घालत होती ते मला आजही सांगता येईल, कारण चौथीत गेल्यापासून तिच्या खानावळीच्या हिशेबाची वही मी लिहायचे. १९७८ च्या दिवाळीला बावीस पानं. १९८० च्या शिमग्यानंतर, गावाकडून नवी पोरं गिरणीत भरतीला आली तेव्हा सव्वीस. १९८२ च्या गणपतीत नऊ.

पान म्हणजे जेवणारा माणूस. आमच्याकडे ताटं जर्मनची होती, चेपलेली, पण आईच्या तोंडी शब्द पानच. पहाटे उठली की पहिला प्रश्न, "आज किती पानं हाईत गं?" मग त्या आकड्यावरून पीठ, त्यावरून पाणी, त्यावरून भुसा. तिचा सगळा दिवस त्या एका आकड्यावर उभा राहायचा.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. एक खोली, पुढं सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला नळ. दादा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं, आईचं माहेरही त्याच अंगाला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई लालबागच्या खोलीत एकटी होती, माझ्या वेळी दिवस गेलेले, दादा रातपाळीला. फळीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटायला लागले आणि ती जागी झाली. चाळीतले लोक खाली रस्त्यावर पळाले. तिला वाटलं आपल्यालाच घेरी आली, म्हणून ती उंबऱ्याला धरून बसून राहिली. माहेरचं घर पडलं हे कळायला दोन दिवस गेले. माणसं वाचली होती. कणगीतलं भात ढिगाऱ्याखाली गेलं होतं.

त्या पौषात तिचे दोघे भाऊ मुंबईला आले. मामा आले म्हणजे त्यांना जेवायला घालायचंच. मामांबरोबर त्यांच्याच आळीतले दोघे आले, त्यांना "तुम्ही बाहेर जेवा" असं कोण म्हणेल? त्या दोघांनी पहिल्या पगाराला आईच्या हातात पैसे ठेवले आणि आईची खानावळ सुरू झाली. तिनं ती काढली असं काही झालं नाही. आधी माणसं पानावर बसली, मग तिला खानावळ हे नाव मिळालं.

गिरणगावात अशा खानावळी गल्लोगल्ली होत्या. बायकापोरं गावाला ठेवून आलेले गडी गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण मिळून राहायचे. पहिल्या पाळीचे सकाळी सातला गेले की त्यांच्याच वळकट्यांच्या जागी रातपाळीचे येऊन झोपायचे. खोलीत चूल नसायची. मग त्याच चाळीतली, नाहीतर शेजारच्या चाळीतली एखादी बाई त्यांचं दोन वेळचं बघायची. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली तेव्हापासूनचा इतिहास लिहिला गेला आहे. मालकांचा आहे, युनियनचा आहे, संपांचा आहे. या बायका गिरणीच्या कुठल्याच मस्टरवर नव्हत्या. पण त्यांची शेगडी एक दिवस पेटली नसती तर साडेतीनच्या पाळीला साच्यावर उपाशी माणसं उभी राहिली असती, हे मी पाहिलं आहे आणि ते मला मोठ्यानं सांगावंसं वाटतं.

शेगडी भुशाची होती. रॉकेलला रांग, आणि ते पुरायचंही नाही. लाकडाच्या वखारीतून भुशाचं पोतं यायचं. रात्री सगळं आवरलं की आई पत्र्याच्या मोठ्या डब्याची ती शेगडी पुढ्यात घेऊन बसायची. डब्याच्या तळाशी बाजूला एक भोक. त्या भोकातून एक आडवं लाकूड आत सरकवायचं, मधोमध काचेची बाटली उभी धरायची आणि भोवतीनं मुठीमुठीनं भुसा घालून ठासायचा. बाटली धरायचं काम माझं. ती जरा कलली की आई काही न बोलता नुसती माझा हात धरून सरळ करायची. वरपर्यंत ठासून झालं की बाटली दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत, फिरवत, अगदी हळू वर काढायची. ती निघाली की मधे गोल, गुळगुळीत बोगदा राहायचा. त्यात बघितलं की तळाशी लाकडाचं टोक दिसायचं, मग तेही ओढून घ्यायचं. पहाटे त्या खालच्या भोकात चिंधी पेटवली की जाळ बोगद्यातून सरळ वर यायचा. नीट ठासलेली शेगडी तीन-चार तास एकसारखी जळायची. कुठं ढिली राहिली तर मधेच भुसा कोसळायचा, खोलीभर धूर, आणि बावीस माणसांचा खोळंबा. आई गेल्यापासून मला तिचा चेहरा आठवायचा म्हटला की आधी हेच दिसतं. बाटली वर काढताना खाली वाकलेली मान, आणि ती पूर्ण बाहेर येईपर्यंत धरून ठेवलेला श्वास.

भाकऱ्या माणशी तीन. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती विसांत मोजायची. "तीन इसा आन् सा," म्हणायची, म्हणजे सहासष्ट. काठवटीत पीठ मळायचं, दोन्ही हातांनी गोळा गोल करायचा, थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि पलटून झाली की तवा उतरवून जाळावर धरायची. तव्यापाशी दुसरी तयार असायची. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना तिला चटका लागत नसे, तिथली कातडीच तशी झाली होती. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीच्या कडा चिरायच्या. आई कडकडीत आधणात पीठ भिजवून ती जुळवायची आणि तरी चिरली की स्वतःशीच पुटपुटायची, जणू तिच्याच हातून चूक झाली.

फुगलेली, अखंड भाकरी माणसांच्या पानात जायची. फुटकी, करपलेली, कडा चिरलेली आम्हा भावंडांच्या. "पैसं देणाऱ्याच्या पानात फुटकी जाता कामा न्हाई," हा तिचा नियम होता, आणि तो तिनं कधी मोडला नाही. रविवारी मटण असायचं. नळ्या, फोडी माणसांना, आम्हाला रस्सा. मला याचा फार राग यायचा. माझ्या केसांना धुराचा आणि कांद्याचा वास यायचा, शाळेत शेजारची मुलगी बाक बदलून बसली होती. अभ्यासाला जागा म्हणजे गॅलरीतली चपलांशेजारची. परक्या माणसांना ती विचारायची, "आणखी अर्धी घ्या की, आज कमी का?" मला तिनं असं कधी विचारलेलं आठवत नाही. आज मला त्यामागची ओढाताण कळते. पण दहा वर्षांच्या मुलीला ती कळत नव्हती, आणि त्या वयातलं ते दुखणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

चौथीत गेल्यावर वही माझ्याकडे आली. त्याआधी हिशेब भिंतीवर होता, दाराच्या मागच्या बाजूला, कोळशाच्या रेघांचा. प्रत्येकाची एक ओळ. जो जेवला नाही त्याच्या ओळीत आडवी रेघ, म्हणजे खाडा. महिन्याअखेर खाडे वजा करून पैसे. कुठली ओळ कुणाची हे फक्त तिला ठाऊक. मी वही घातली तेव्हा तिनं महिनाभर भिंतीवरही रेघा ओढल्या आणि शेवटच्या दिवशी दोन्ही ताडून पाहिलं. जुळलं. मग तिनं ओल्या फडक्यानं भिंत पुसून टाकली. तेवढं एकच शाबासकीचं माप मला तिच्याकडून मिळालं, पण ते मोठं होतं.

किराणा उधारीवर यायचा आणि उधारीवर व्याज चढायचं. ते सुटलं प्रेमाताई पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे. १९७५ साली त्यांनी खानावळवाल्या बायकांचं हे मंडळ काढलं. तारण ठेवायला यांच्याकडे काही नाही, तर यांनीच एकमेकींना जामीन राहायचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेनं कर्ज द्यायचं, असा तो मार्ग होता. आमच्या चाळीतल्या आणि मागच्या चाळीतल्या बायकांचा एक गट झाला. आई बँकेत गेली तेव्हा लग्नातलं लुगडं नेसून गेली होती. पहिल्या कर्जाला अंगठा उठवला. दुसऱ्या कर्जाच्या आधी शेगडीपुढं बसून, राखेत काडीनं, तिनं नाव गिरवलं. मी "अक्षर तिरकं झालं" म्हटलं की पुसायची आणि पुन्हा. ती सही शेवटपर्यंत तशीच होती, शिरोरेघेआधी थोडी थांबणारी.

मग १८ जानेवारी १९८२ आला.

कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पहिल्या महिन्यात चाळीत सुट्टीसारखं वातावरण होतं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. गॅलरीत पत्ते चालायचे, भजनं चालायची. "महिना-दीड महिना, वैनी, मग दणक्यात पगारवाढ," असं सगळे म्हणायचे. भोंगा वाजायचा बंद झाला आणि आईची पहाट चुकायला लागली. ती तीनलाच उठून बसायची.

शिमग्याला जी माणसं गावाला गेली त्यातली निम्मी परत आली नाहीत. जी राहिली त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. वहीत मी पैशांच्या रकान्यात रेघ मारायची आणि पुढं लिहायची, "बाकी". पानागणिक बाकी. दादाही संपावरच होते, घरातही काही येत नव्हतं. आईनं आधी भात कमी केला, मग रविवारचं मटण सुकटीवर आणलं, मग बोरमाळ गेली. पण "उद्यापासून येऊ नका" हे वाक्य तिनं कुणाला ऐकवलं नाही. ज्याला लाज वाटली तो आपणहून यायचा बंद झाला.

त्यातला एक जण, मामांच्या आळीतलाच, सात महिन्यांची बाकी ठेवून एके दिवशी कुणाला न सांगता गेला. मी चौदा वर्षांची होते, आकडा मला तोंडपाठ होता. रात्री भुसा ठासताना मी तणतणले. बुडवून गेला, माणुसकी नाही, वगैरे. आईनं बाटली बाहेर काढली, बोगद्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "त्यो आता कुठं जेवत आसंल गं?"

मला तेव्हा त्या वाक्याची चीड आली होती. इतक्या वर्षांनी लिहिताना हात थांबतो तो तिथंच.

तो संप मागे घेतल्याचं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही. तशीच आमची खानावळही कधी बंद झाली नाही, नुसती कमी होत गेली. नऊ पानं, पाच, तीन. दादा पुन्हा कामावर लागले नाहीत. एका इमारतीवर वॉचमन म्हणून राहिले आणि १९९६ ला गेले. आईनं लग्नकार्यांतून स्वयंपाकाची कामं धरली, तिला पन्नास-शंभर पानांचा धसका नव्हता. मी बी.कॉम. झाले, नोकरीला लागले, लग्न झालं. ज्या पैशांनी शिकले त्यातला रुपयान् रुपया माझ्याच अक्षरात वहीत आहे.

१९९९ ला मी तिला बदलापूरला घेऊन आले. गॅस, घरात नळ, आणि माणसं चार. हे, मी, माझी दोन वर्षांची मुलगी आणि आई. ती पहिले काही महिने फार बिचकलेली होती. आमटी करायला घेतली की पातेलं भरायची. "अगं आई, चौघंच आहोत," म्हटलं की पातेल्याकडे बघत राहायची. तिच्या हाताला चाराचं मापच नव्हतं. उरलेलं ती मजल्यावर वाटून यायची, आणि वर्षभरात तो अख्खा मजला तिला आजी म्हणायला लागला.

आणि मग मी एक गोष्ट पाहिली. माझ्या मुलीला भूक लागली की आई पिठातला लहानसा गोळा बाजूला काढायची आणि तळहाताएवढी चानकी थापायची. चानकी! लहान पोरांसाठी वेगळी, इवलीशी भाकरी. मला हा शब्द माहीत होता, कारण गावाला आजीनं आम्हाला करून दिली होती. आईनं आमच्यासाठी कधी केली नव्हती. सहासष्ट भाकऱ्यांच्या रांगेत चानकीला तव्यावर जागा कुठून असणार? आता ती एकेक चानकी निगुतीनं फुगवायची, वर तुपाचं बोट ओढायची, फुंकर घालून निववायची. नात अर्धी खायची, अर्धी टाकायची, आणि आई हसायची. मी दारात उभी राहून बघायचे. आधी घशात काहीतरी अडकायचं, खोटं कशाला सांगू. नंतर नंतर मी ऑफिसातून मुद्दाम थोडी लवकर यायला लागले, ते बघायला.

ही सवड तिला पंचावन्न वर्षांनी मिळाली होती. मला आई पुरी मिळाली नाही. पण तिच्यात काय काय होतं ते माझ्या मुलीच्या वाट्याला आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

मुलगी पहिलीत असतानाची एक संध्याकाळ आहे. गावाहून मोठे मामा आले होते. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आज किती पानं हाईत?" मुलीला नुकतं मोजायचं वेड लागलं होतं. ती धावत गेली आणि बोटं दाखवून म्हणाली, "पाच!"

"चार," आई म्हणाली. "नीट मोज."

"पाच. बाबा, आई, मोठे आजोबा, मी, आणि तू."

"मला कशाला मोजतीस? पानं मोज."

"तू जेवणार नाहीस का?"

"जेवीन की मागनं."

"मग पाच."

मी हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. हातातला टॉवेल तसाच राहिला. बावीस, चोवीस, सव्वीस. चौथीपासून मी तो आकडा लिहीत होते आणि त्या आकड्यात ती कधीच नव्हती. मी रोज खाडे मांडले, बाकी मांडली, पण हिशेब लिहिणारीलाही हे दिसलं नव्हतं. तिनं काय खाल्लं, कधी खाल्लं, मला एका दिवसाचंही सांगता येणार नाही. काठवट खरवडून शेवटची भाकरी व्हायची, ती तिची असावी. तीही उरली असेल त्या दिवशी.

सहा वर्षांच्या पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं पाच ताटं ओढत आणली, जमिनीवर मांडली आणि पाचव्या ताटापुढं आजीचा हात धरून तिला बसवलं. मामांपुढं जेवायला बसायचं म्हणून आई संकोचली. "बस गं, आक्के," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. त्याच हातची भाकरी खाऊन त्यांचा मुंबईत जम बसला होता. आई बसली. घास घेताना सगळ्यांच्या ताटाकडे बघत होती, सवयीनं, कुणाचं काय संपलं ते. त्या दिवसापासून ती आमच्याबरोबर जेवायला लागली, कारण नात रोज मोजायची आणि चूक चालवून घ्यायची नाही.

शेवटचे तीन आठवडे तिला अन्न जात नव्हतं. चमच्यानं पेज, तीही दोन चमचे. घरीच ठेवलं होतं, तिची तशी इच्छा होती. नात पुण्याहून रजा काढून आली होती, तीच भरवायची. पेज करून आणली की आई तिच्या तोंडाकडे बघायची आणि ओठ हलायचे. आवाज नव्हता, पण आम्हाला दोघींना ते शब्द पाठ होते. जेवलीस का. मुलगी म्हणायची, "हो आजी, जेवले." मगच तोंड उघडायची.

श्रावणातल्या एका दुपारी ती गेली.

मुलगी आता पुण्यात मैत्रिणीबरोबर राहते. आठवड्यातून दोनदा तरी स्वयंपाकघरातून फोन येतो, मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला, तिचा अर्धाच चेहरा दिसत असतो. परवा विचारत होती, "आई, दोघींना तांदूळ किती लावू?"

मी वाटीचं माप सांगायला गेले आणि तोंडून आईचंच निघालं. "माणशी दोन मुठी. आणि वर एक, कोणी आलंगेलं तर."

तिनं डब्यात हात घातला. मूठ भरून वर काढली, निरखून बघितली. आईचा हात लहान होता, बोटं आखूड, तळवा कोरडा. मुलीनं उंची बापाची घेतली आहे आणि हातही.

"मूठ कुणाची धरू?" ती म्हणाली. "माझी, का आजीची?"

मी म्हटलं, आजीची धर. तिनं मूठ सैल केली, थोडे दाणे डब्यात परत जाऊ दिले, आणि मोजायला लागली.